सहलीचा कॅमेरा घेताना

आमच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. आजीचा आहे तो मतदार ओळखपत्रावरचा, तोही पुसट. म्हणूनच आमच्या वस्तीतील महिला मंडळाने सहलीसाठी वर्गणीतून कॅमेरा घ्यायचे ठरविले, तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला. निवडीचे काम आमच्याकडे आले, कारण आधीची चूक आमचीच होती! त्या खेपेस मेगापिक्सलचा मोठा आकडा पाहून कॅमेरा घेतला आणि सहस्रकुंडाच्या तुषारांनी तो पहिल्याच दिवशी बंद पडला. लोकांचा पैसा पाण्यात गेला.

बंधू-भगिनींनो, आकड्याला भुलू नका. एक मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर ६ बाय ४ इंचाच्या फोटोला १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. भिंतीवरच्या १२ बाय ८ च्या फोटोलाही ९ मेगापिक्सल पुष्कळ झाले. त्यापेक्षा सेन्सर केवढा, ते विचारा. 'एक इंची' म्हटला जाणारा सेन्सर साध्या छोट्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरच्या सुमारे चौपट असतो व कमी उजेडातही बरे चित्र देतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई आहे, तिथे हा फरक कळतो.

दुसरी गोष्ट झूमची. ऑप्टिकल झूम भिंगाने दूरचे जवळ आणतो. डिजिटल झूम चित्राचा तुकडा कापून नुसता मोठा करतो. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात दूरचा वाघ टिपायचा तर ऑप्टिकल झूमच हवा. २०१५ साली आलेल्या निकॉन पी-९०० ला ८३ पट झूम आहे. पण वजन सुमारे ९०० ग्रॅम, आणि एवढ्या झूमला हात जरा हलला की चित्र हलते. उलट २०१९ चा ऑलिंपस टीजी-६ अवघा २५३ ग्रॅमचा, १५ मीटर पाण्यातही चालणारा. मात्र झूम फक्त ४ पट. सगळे गुण एकाच कॅमेऱ्यात मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या उन्हाची. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत चालतील असे माहितीपुस्तकात लिहिलेले असते. यवतमाळचा मे महिना ते मानत नाही! कॅमेरा गाडीत काचेपाशी ठेवू नका, सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. भर उन्हात मागचा पडदा दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावून पाहायची खिडकी असेल तर उत्तम. जास्तीची बॅटरी जवळ ठेवा आणि पक्के बिल घ्या.

मोबाईल आहे ना, असे मुले म्हणतील. घरच्या आणि जवळच्या फोटोंना तो पुरतो. तेवढेच काम असेल तर वेगळा खर्च करू नये.

आमच्या मंडळाची सहल नदीकाठी, धुळीत, पावसात निघते आणि फोटो माणसांचे काढायचे असतात. म्हणून आम्ही पाण्यात टिकणारा कॅमेरा निवडला. वाघ डोळ्यांनी पाहू. बॅटरीचे झाकण लावताना रबरात वाळूचा कण अडकला नाही ना, एवढे मात्र दरवेळी पाहावे लागते.

पहिला फोटो वस्तीतल्या सर्वांत वृद्ध आजीचा काढला. तो कागदावर छापून मागे नाव, गाव, तारीख लिहिली. तुम्हीही लिहा. नातवंडांना आपली माणसे चेहऱ्याने ओळखता आली पाहिजेत.