कारला लोअरिंग स्प्रिंग लावताय? आधी गावचा गतिरोधक मोजा

यवतमाळ : गाडी खाली बसवायची, मोठे अलॉय टाकायचे आणि रील काढायची, ही हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. त्यासाठी कंपनीच्या स्प्रिंग काढून बाहेरच्या आखूड स्प्रिंग टाकतात. काही ठिकाणी तर आहे तीच स्प्रिंग ग्राइंडरनं कापून देतात. गाडी दिसते झकास. अडचण रस्त्यावर सुरू होते.

हिशोब सोपा आहे. मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट हे अंतर, १६३ मिलिमीटर आहे. गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली की १२३ उरले. वर पाच माणसं बसली, डिक्कीत सामान टाकलं की गाडी अजून दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावात टाकलेले गतिरोधक या मापात किती बसतात हे सगळ्यांना माहीत आहे. अरुंद आणि उभा गतिरोधक असला की चाकं पार होतात आणि पोट अडकतं. तिथंच इंजिनचं ऑइल चेंबर असते. ते फुटलं, ऑइल गेलं आणि लक्ष न देता गाडी तशीच पळवली, तर इंजिन जाम होते.

पोट घासणं निदान ऐकू तरी येते. खरा धोका न दिसणारा आहे. कंपनी स्प्रिंग, शॉकअप आणि आतलं रबर, ज्याला बंप स्टॉप म्हणतात, हे तिन्ही एकमेकांच्या मापानं बसवते. चाक वर-खाली व्हायला ठराविक जागा असते. स्प्रिंग आखूड केली की वर जायची जागा तेवढीच कमी होते. मग साध्या खड्ड्यातही गाडी रबरावर आदळते, आणि तो मार थेट शॉकअप व बॉडीला बसतो.

शॉकअपचं काम उसळी मारणं नाही, उसळी थांबवणं आहे. आखूड स्प्रिंग जास्त कडक असते, तिची उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही. आपल्याकडं काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं डांबरी रस्त्यालाही लाटा पडतात. अशा रस्त्यावर कडक गाडीचं चाक क्षणभर जमीन सोडते. चाक हवेत असताना ब्रेकचा काय उपयोग? वेगात वळणावर हे झालं तर गाडी हातातून जाते.

कापलेली स्प्रिंग याहून वाईट. तिचं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक मोठ्या खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन सरकू शकते. गॅसनं तापवून दाबलेल्या स्प्रिंगचं तर पाणीच उतरते, ती कधी बसेल सांगता येत नाही.

टायरचंही तेच. गाडी खाली गेली की चाकाचा कोन बदलतो आणि टायर आतल्या बाजूनं झिजते. अलाइनमेंटमध्ये टो जुळवता येतो, पण कॅम्बर जुळवायची सोय बऱ्याच साध्या गाड्यांत नसते.

जोडीचे शॉकअप घेऊन, नीट बसवून, गुळगुळीत ट्रॅकवर चालवणाऱ्यांना याचा फायदा होतो, वळणावर गाडी कमी झुकते. पण आर्णी, उमरखेडच्या आडरस्त्यानं लग्नाला जाणाऱ्या गाडीला त्याचं काय?

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. कलम १८२-अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो तो वेगळाच.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं, कारण विकणारा हे सांगेलच असं नाही. चाकाच्या मधोमधपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत टेपनं मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. टायरचा आकार बदललेला असला तरी या मापात फरक पडत नाही. स्प्रिंग लाल-निळी असेल किंवा तिच्या टोकावर ग्राइंडरची खूण असेल, तर मूळ स्प्रिंगचा सेट मागून घ्या. नसेल देत, तर नव्या स्प्रिंग आणि शॉकअपचा खर्च गाडीच्या किमतीतून आधीच वजा करा.