तान्ह्या बाळाला सिकलसेल का छळत नाही?

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात सिकलसेलची ओळख करून द्यावी लागत नाही. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे रुग्ण. प्राणवायू कमी पडला की रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. आणि या सगळ्याचं मूळ डीएनएतलं एकच बदललेलं अक्षर! हाच बदल आई किंवा वडील, एकाकडूनच आला तर तो जीवघेण्या मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवतो. म्हणून तर मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

पण मी खरा थक्क होतो तो बाळांपाशी. दोघांकडून दोष घेऊन जन्मलेलं बाळही पहिले काही महिने छान खेळतं, कारण पोटात असताना तयार झालेल्या हिमोग्लोबिनमध्ये त्या बदलाने सदोष झालेली प्रथिनसाखळी नसतेच. ते ओसरलं की दुखणं डोकं वर काढतं. जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये हे ओळखलं. पुढे कळलं, की गर्भातलं हिमोग्लोबिन बंद पाडण्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात आहे. मग त्यालाच आवरलं तर?

क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारलेला 'कॅसजेवी' उपचार तेच करतो. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत त्या जनुकाचा रक्तपेशींपुरता नियंत्रक भाग कापतात, केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेतून परत सोडतात. सिकलसेलचा दोष जागच्या जागी राहतो, त्याला कुणी हातही लावत नाही! ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडच्या घराला हा आकडा काय कामाचा? म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'बिरसा १०१' या देशी क्रिस्पर उपचाराकडे माझे डोळे लागले आहेत. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने तो घडवला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. नाव बिरसा मुंडांचं, ते मला फार भावलं.

तोवर हायड्रॉक्सीयुरिया आहेच. ही साधी कॅप्सूलही गर्भातलंच हिमोग्लोबिन वाढवते. ती वेळेत सुरू व्हायची तर आधी तपासणी हवी. चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. बाळ अजून खेळतंय, कळा सुरू झालेल्या नाहीत, तेव्हाच त्याच्या रक्ताचा थेंब तपासला गेला पाहिजे.