कोऱ्या कापडाचा रंग

इचलकरंजीच्या मागांवरून उतरणाऱ्या कोऱ्या सुती कापडास व्यापारी ‘ग्रे’ म्हणतात. प्रत्यक्षात ते करडे नसून सायीसारखे फिकट पिवळसर असते. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावी १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे सबंध गावच मागांचे झाले.

हा रंग मूळ कापसाचाच होय. तंतूवरील मेण, पेक्टिन आणि अल्प रंगद्रव्ये यांमुळे तो येतो. सरकीच्या टरफलाचे काळसर कणही कोठे कोठे दिसतात. कॉस्टिक सोड्यात उकळून हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन केल्यावरच कापड पांढरे होते. कशिद्यासाठी नावाजलेल्या लिननची गोष्ट निराळी. जवसाची खोडे शेतात दवावर कुजविल्यास बुरशीमुळे तंतू करडे होतात, पाण्यात कुजविल्यास फिकट पिवळे. (विदर्भातील जवस तेलबियांचे, वस्त्रासाठीचे रोप उंच व कमी फांद्यांचे असते.)

कोऱ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरवा, काळा दोरा खुलून दिसतो. पांढरा मात्र काहीसा दबतो. खरी अडचण खळीची. विणण्यापूर्वी ताण्याला खळ दिलेली असते. अशा कापडावर तसाच कशिदा काढल्यास पहिल्या धुण्यात ते आटते, टाके गोळा होतात आणि घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीची कित्येक दिवसांची मेहनत व मजुरी बुडते. यास्तव कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवावे व मगच नक्षी उतरवावी. ब्लीचिंग पावडर वापरू नये. तिने कोरा रंगच नाहीसा होतो.