राखण आणि करंट
(कॉम्प्युटर आणि कायदा : भाग ७)

शिरवळ एमआयडीसीतल्या एका टूलरूमच्या मालकांनी परवा चहा पाजून मला एक ई-मेल दाखवला. डाय आणि फिक्श्चरची ड्रॉइंगं ज्या सॉफ्टवेअरवर होतात, ते त्यांच्या एका मशीनवर क्रॅक केलेलं होतं. ई-मेल सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलाचा. त्यात कॉम्प्युटरचं नाव, नेटवर्क कार्डाचा नंबर आणि सॉफ्टवेअर कोणत्या तारखेला किती वाजता उघडलं त्याची यादी. मालक म्हणाले, "चूक आमची, मान्य. पण कुणीतरी घरात येऊन बघून गेलं आणि आम्हाला पत्ताच नाही, हे बरोबर का?"

चुकीचं आधी उरकू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी प्रमाणे धंद्यासाठी जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरलं, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. लायसन्स घ्या आणि वकील गाठा, एवढंच मी सांगितलं.

त्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे. मालाची राखण करायचा हक्क कंपनीला आहेच. २०१२च्या दुरुस्तीपासून सॉफ्टवेअरचं कुलूप चोरीच्या हेतूनं तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण राखण वेगळी आणि तारेला करंट सोडणं वेगळं. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडायची आणि सकाळी तिथं माणूस पडलेला सापडायचा, हे आपण पेपरात वाचतोच. बिहारच्या चेरुबिन ग्रेगरीनं आपल्या संडासात कुणी येऊ नये म्हणून उघडी तार लावून वीज सोडली होती. शेजारची बाई गेली. ती न विचारता आत आली होती हे खरं, पण म्हणून तिच्या जिवाला कायद्याचं संरक्षण उरत नाही असं होत नाही. सुप्रीम कोर्टानं १९६३ साली त्याची शिक्षा कायम केली.

कॉम्प्युटरवरचा करंट २०१८ साली दिसला. फ्लाइट सिम लॅब्ज ही कंपनी विमान चालवण्याच्या खेळासाठी एअरबस ए-३२० बनवून विकायची. तिच्या इन्स्टॉलरमध्ये 'टेस्ट' नावाची एक फाइल निघाली. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड उपसायचं काम तिचं. कंपनीचं म्हणणं, चोरीचा ठरावीक सीरियल नंबर टाकला तरच ती चालते. असेल. पण फाइल प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या मशीनवरही उतरत होती. आणि चोरानं खेळ चोरला, म्हणून त्याच्या बँकेचा पासवर्ड तुमचा कसा झाला? शेवटी कंपनीनं जरा अतीच झाल्याचं कबूल करून फाइल काढून टाकली.

त्याआधी २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की कॉपी रोखणारा एक प्रोग्रॅम लपून बसायचा. त्याच आडोशाला थोड्याच दिवसांत व्हायरसवाले शिरले. सीडी परत मागवाव्या लागल्या. २००७च्या तडजोडीत बिघडलेल्या मशीनच्या दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत देणं आलं.

आपल्या आयटी कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय मशीनमध्ये 'कंटॅमिनंट' सोडायला मनाई करतं. मशीनमधली माहिती बदलणाऱ्या, नोंदवणाऱ्या किंवा बाहेर पाठवणाऱ्या सूचना म्हणजे कंटॅमिनंट. भरपाईसाठी हेतू चांगला की वाईट, हे त्या व्याख्येत नाही. कैदेसाठी मात्र, कलम ६६ प्रमाणे, अप्रामाणिक किंवा फसवा हेतू लागतो. सगळा खेळ 'परवानगी' या शब्दावर आहे. 'आय अ‍ॅग्री' दाबताना करारात काय पाठवलं जाईल हे स्पष्ट लिहिलेलं असेल, तर कॉम्प्युटरचं नाव आणि वापराच्या वेळा पाठवणं माझ्या मते टिकेल. पासवर्ड टिकणार नाही. तक्रार करायची तर खंडाळ्याच्या तालुका कोर्टात नाही. ५ कोटींपर्यंतचा भरपाईचा दावा राज्याच्या आयटी सचिवांसमोर, मंत्रालयात चालतो.

आणि असले प्रोग्रॅम लिहितं कोण? शिरवळहून रोज पुण्याला नोकरीला जाणारी पोरंही त्यात असतील. 'साहेबांनी सांगितलं' हा कलम ४३ पुढे बचाव नाही. ते कोणत्याही व्यक्तीला लागू होतं. तेव्हा पोरांनो, असं काम अंगावर आलं, तर ही माहिती कुठं जाणार आणि गिऱ्हाइकाला ते कुठं सांगितलंय, हे साहेबांना ई-मेलवर विचारा. उत्तर तोंडीच आलं, तर कोड लिहू नका.