बायबलचे वाचन आणि कौल
भोपाळ हे १९६३ पासून कॅथलिक महाधर्मप्रांताचे (आर्चबिशपच्या अखत्यारीतील क्षेत्राचे) केंद्र आहे, त्यामुळे बायबल-अभ्यास हा शब्द तेथे अपरिचित नाही. मात्र अडचणीत ग्रंथ कोठेही उघडून प्रथम दिसलेल्या वचनाला दैवी कौल मानणे म्हणजेच हा अभ्यास, असा समज तेथेच नव्हे तर अन्यत्रही आढळतो. श्रद्धेपोटी आलेला हा समज समजण्यासारखा असला, तरी ‘लेक्सिओ दिव्हिना’ (पवित्र वाचन) या मठपरंपरेची रीत वेगळी आहे. वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन या तिच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात ग्विगो द्वितीय या कार्थुसियन साधूने मांडल्या. तिच्यात एकच उतारा मागील-पुढील संदर्भासह सावकाश, पुनःपुन्हा वाचला जातो. नित्य रियाज करणाऱ्याला परिचित राग साध्या गाण्यातही ओळखू येतो, तशी या वाचनाने दैनंदिन व्यवहारातील देवाचे सान्निध्य ओळखणारी दृष्टी घडते. ते सान्निध्य चमत्कारातच शोधावे लागत नाही: बायबलमधील रूथच्या कथेत ते कापणीच्या शेतात, परक्या विधवेला वेचू दिलेल्या सातूच्या कणसांतून प्रकटते, आणि एस्तेरच्या पुस्तकाच्या हिब्रू संहितेत तर देवाचे नाव एकदाही येत नसताना वाचकाला त्याचा हात घटनाक्रमातच शोधावा लागतो.