देवमाशाला हळदीकुंकू

२०१५ सालचा जून महिना. मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या आणि घरातली पुरुषमंडळी जाळी दुरुस्त करत बसली होती. अशात एका सकाळी बातमी आली, रेवदंड्याला देवमासा लागलाय! शाळेला अर्धा दिवस रजा टाकून मी निघाले, तर सासूबाई आधीच पदर खोचून दारात उभ्या. हातात पिशवी. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही.

किनाऱ्यावर ही गर्दी! आदल्या दिवशी तो जिवंत होता. त्याला परत पाण्यात लोटायचे पुष्कळ प्रयत्न झाले, पण उपयोग झाला नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. तब्बल ४२ फूट लांब, वजन अंदाजे २० टन. निळा देवमासा, जगातल्या सगळ्यात मोठ्या प्राण्याच्या जातीतला. मी आपला मोबाइल काढला. तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात धरला.

"फोटू काय कारतेस? त्यो देव हाय. पैले हात जोर."

मग पिशवीतून नारळ निघाला, हळदीकुंकवाची कोयरी निघाली. लोक बघत होते, काही पोरं हसत होती. खरं सांगते मैत्रिणींनो, मला तेव्हा लाज वाटली. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि माझी सासू मेलेल्या माशाला कुंकू लावतेय! (तो मासा नाही, आपल्यासारखा पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे, हेही मी त्यांना परतीच्या रिक्षात ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मंग तं जास्तच.")

पण तो 'देव' शब्द डोक्यातून जाईना. आपण त्याला देवमासा म्हणतो. बाकीच्या जगानं त्याला काय मानलं? मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता अनेकदा पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं.

युरोपात बास्क नावाचे दर्यावर्दी लोक हजारएक वर्षांपूर्वी देवमाशांची शिकार करून त्याचा व्यापार करू लागले. पुढे डच, इंग्रज, अमेरिकन त्यात उतरले. कशासाठी? तर मुख्यतः तेलासाठी. देवमाशाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. ती वितळवून काढलेल्या तेलावर तिकडच्या शहरांतले दिवे जळायचे. आणि दुसरं कारण ऐकाल तर चकित व्हाल. बायकांची कंबर!

काही देवमाशांच्या तोंडात दातांच्या जागी झालरीसारख्या लवचीक पट्ट्या असतात. आपली नखं ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याच्या. त्या गाळणीतून तो बारीक जीव गाळून खातो. या पट्ट्या वाकतात पण मोडत नाहीत, म्हणून कॉर्सेट नावाच्या घट्ट कंचुकीत त्या शिवायचे. श्वास कोंडला तरी चालेल, कंबर मुठीत मावली पाहिजे! इकडे बाईचा जीव गुदमरायचा आणि तिकडे देवमाशाचा जायचा.

अमेरिकेत नँटुकेट नावाचं एक बेट आहे. तिथले पुरुष शिकारीला निघाले की तीन-तीन, चार-चार वर्षं परतत नसत. मागे घर, दुकान, उधारी-वसुली सगळं बायका बघायच्या. तिथल्या एका रस्त्याला बायकांच्या दुकानांमुळे 'पेटिकोट रो' असं नावच पडलं. मला आपल्या कोळणी आठवल्या. नवरा दर्यावर, आणि बाजारात टोपली घेऊन बसलेली, हिशोबाला पक्की बाई!

१८५९ मध्ये अमेरिकेत खनिज तेलाची विहीर लागली. पुढे रॉकेल स्वस्त झालं, दिव्यासाठी देवमासा लागेनासा झाला. वाटेल की सुटला बिचारा! पण त्याच सुमाराला स्वेन्ड फॉइन नावाच्या नॉर्वेच्या माणसानं बोटीवरून डागायचा, स्फोट होणारा भाला बनवला. वाफेवरच्या बोटी आल्या. पूर्वी हाताला न लागणारे वेगवान निळे देवमासेसुद्धा आता सुटेनात. त्यांच्या तेलाचा साबण झाला, आणि आपल्याकडच्या वनस्पती तुपासारखं घट्ट करून ते युरोपात पावावर लावायच्या मार्गारिनमध्ये गेलं. एकट्या विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले, असा अभ्यासकांचा हिशोब आहे.

हे सगळं दूरदेशीचं, असं मी समजत होते. पण १९६३ ते १९६७ या काळात सोव्हिएत रशियाच्या बोटींनी आपल्याच अरबी समुद्रात आणि आसपास ३,३३९ देवमासे मारले आणि जगापासून लपवून ठेवले. १९९० नंतर तिथल्याच शास्त्रज्ञांनी खरे आकडे बाहेर काढले. त्यात कुबड्या देवमासे होते २४२. अरबी समुद्रातले हे कुबडे इतरांसारखे थंड समुद्राकडे जात नाहीत, इथंच जन्मतात, इथंच राहतात. ओमानच्या बाजूला आज त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ मध्ये ओमानला अशाच एका मादीच्या अंगावर शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपण धुपात घालतो तो ऊद. ही लुबान अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. माहेरपणाला आल्यासारखी!

मग सगळेच शिकारी वाईट का? तसंही नाही हं. अलास्काच्या बर्फात राहणारे इनुपियाक लोक पिढ्यान् पिढ्या देवमाशाची शिकार करतात, पण विकायला नाही, गावानं मिळून खायला. त्यांच्या होडीला सीलचं कातडं लावायचं काम बायकांचं. टाका असा घालतात की पाणी आत येत नाही. पूर्वी नवरा शिकारीवर असताना नाखव्याच्या बायकोनं घरात शांत बसायचं, म्हणजे देवमासाही शांत राहील, अशी रीत होती. इंडोनेशियातल्या लामालेरा गावातले पुरुष लाकडी होडीतून बांबूच्या भाल्यानं शिकार करतात. बायका ते मांस वाळवून डोंगरातल्या गावांत नेतात आणि मका, केळी घेऊन येतात. सुकी मासळी देऊन भात आणणाऱ्या आपल्या जुन्या कोळणींसारख्याच की!

आणि व्हिएतनामचं वाचलं तेव्हा मात्र माझे डोळे भरले. तिथले मच्छीमार देवमाशाला देव मानतात. मेलेला देवमासा ज्याला पहिल्यांदा दिसतो, तो थोरल्या मुलासारखं त्याचं सुतक पाळतो. अस्थी देवळात ठेवतात. इतकं लांब कशाला, गुजरातेत वलसाडजवळ मगोद डुंगरीला मत्स्यमातेचं देऊळ आहे, तिथंही देवमाशाची हाडं पूजतात. म्हणजे माझ्या सासूबाई काही एकट्या नव्हत्या!

१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, १९८६ पासून ते लागू झालं. नॉर्वे, आइसलँड, जपान यांनी आपापल्या वाटा काढल्या, पण तो जुना संहार थांबला. वाटलं, संपली गोष्ट.

गोष्ट आमच्या घरातच यायची होती.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा संपताना, माझ्या नणंदेच्या मुलाला किनाऱ्यावर एक राखाडी गोळा सापडला. दोन-अडीच किलोचा, मेणासारखा. मोबाइलवर बघून बघून त्याची खात्री पटली, ही देवमाशाची उलटी! म्हणजे अंबर. दात असलेला एक मोठा देवमासा म्हाकुळं खातो. म्हाकुळाची टणक चोच पचत नाही, तिच्याभोवती आतड्यात हा पदार्थ तयार होतो. अत्तराचा वास टिकावा म्हणून तो वापरतात, आणि चोरबाजारात त्याला वेड्यासारखी किंमत येते. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो बाळगणं, विकणं गुन्हा आहे. सापडला तरी.

भाच्यानं बोटीच्या इंजिनासाठी कर्ज काढलेलं. दोन हप्ते थकलेले. कोणीतरी फोनवर सांगितलं होतं, मुंबईची पार्टी आहे, रोख देईल. रात्री साडेअकराला आमच्या ओट्यावर बसून तो हिशोब मांडत होता आणि नणंद नुसती रडत होती. मी कायदा सांगितला. तो म्हणाला, "मामी, कायद्यानं हप्ता भरत नाय." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासूबाई आतून आल्या. म्हणाल्या, "तुजा आजा तीन रात्री दर्यात व्हता. मी देवमाशाला नवस बोलले व्हते, माजा माणूस धारला तर तुजा कधी पैसा खानार नाय. त्यो आला. आता तू माना खोटी पारू नको."

सकाळी आम्ही तिघं वनखात्याच्या कार्यालयात गेलो. पंचनामा झाला, गोळा त्यांनी ठेवून घेतला. नणंदेनं आपल्या दोन बांगड्या मोडल्या, हप्ते भरले. काही महिन्यांनी कळलं, ते अंबर नव्हतंच! कसल्यातरी चरबीचा घट्ट झालेला गोळा. 'पार्टी'कडे गेला असता तर पोरगं एका बिनकामी गोळ्यासाठी पोलीस ठाण्यात बसलं असतं. मला हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला कुठं म्हाईत व्हतं खोटं हाय तं? त्यानं खरंच समजून दिला नं?"

आपल्या राज्यात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित समुद्री प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा चित्रीकरण पुरावा म्हणून द्यावं लागतं. तुमच्या घरात, शेजारात कोणी दर्यावर जात असेल तर त्यांना जरूर सांगा. आमच्या भाच्यानं पुढच्याच मोसमात एक मोठं कासव असं सोडलं. मोबाइलवर काढलेलं ते चित्रण त्यानं पहिल्यांदा आजीला दाखवलं.

सासूबाईंनी चष्मा लावून ते दोनदा बघितलं. मग देव्हाऱ्यातली कोयरी आणली आणि मोबाइलच्या काचेलाच कुंकवाचं बोट टेकवलं. या वेळी मी फोटो काढला. आधी हात जोडून.