तोर्रे दो तोंबो : लिस्बनचा दफ्तरखाना

१७७७ साली पोर्तुगीज दरबाराने गोव्याच्या दफ्तरातली ६२ जाडजूड बाडे लिस्बनला मागवून घेतली. जहाजांची ये-जा मोसमी वाऱ्यांच्या हिशेबाने चाले, म्हणून राजा आणि विजरई यांच्यातल्या या पत्रव्यवहाराला ‘मोसमी बाडे’ असेच नाव पडले होते. बाकीची बाडे गोव्यात राहिली, ही ६२ गेली ती गेलीच. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला गोवा धुंडाळायचा तर अभ्यासकाला आजही ‘तोर्रे दो तोंबो’ची, म्हणजे पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वाट धरावी लागते.

लिस्बनच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एका बुरुजात हे दफ्तर होते. तिथून दिलेल्या नकलेचा सर्वांत जुना ज्ञात दाखला १३७८चा. इतिहास लिहिला जावा म्हणून कोणी हा उद्योग मांडला नव्हता. राजाच्या जमिनी कोणत्या, सनद कोणाला दिली, शेजाऱ्याशी तह काय झाला, याचा पुरावा हाताशी हवा, एवढाच हेतू. १४१८पासून दफ्तर सांभाळणारे फेर्नांव लोपिश पुढे राजाचे इतिहासकारही झाले आणि रोजच्या हाताखालच्या कागदांतून त्यांनी बखरी उभ्या केल्या. त्यांच्यामागून आलेले झुरारा हेही बखरकारच. पण जुन्या नोंदींतून काही शोधणे फार खर्चाचे पडते, अशी ओरड झाली, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत नोंदवह्यांचे गोषवारे काढून मूळ वह्या मोडीत काढल्या गेल्या. बखरकाराच्या हातून हे व्हावे! पुढे १५०४पासून मानुएल राजाने चर्मपत्रावर सोनेरी नक्षीची साठावर बाडे लिहवून घेतली. देखणी आहेत, पण शेवटी नकलाच.

दामियांव द गॉइश १५४८मध्ये दफ्तरप्रमुख झाले. युरोपभर फिरलेला, इरॅस्मसच्या घरी राहिलेला हा विद्वान. मानुएल राजाची बखर, आणि तिच्या ओघात हिंदुस्थानातल्या स्वाऱ्यांची हकिकत, त्यांनीच लिहिली. १५७१मध्ये इन्क्विझिशनने त्यांना पाखंडाच्या आरोपावरून पकडले, दोषी ठरवले. १८२१मध्ये ते धर्मन्यायालय बंद पडले आणि पुढे त्याचे कागद तोर्रे दो तोंबोत आले. लिस्बन, एव्होरा आणि कोइंब्राच्या सुमारे ४० हजार खटल्यांत या माजी दफ्तरप्रमुखाचाही खटला आहे. गोव्याचे न्यायासन १८१२मध्ये कायमचे उठले, त्याच्या खटल्यांची कागदपत्रे मात्र बहुतेक नष्ट झाली. त्यामुळे लिस्बनच्या आरोपीची जबानी वाचता येते, गोव्याच्या आरोपीची क्वचितच.

१ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात बुरूज कोसळला. तेव्हाचे दफ्तरप्रमुख मानुएल द माइया पेशाने लष्करी अभियंता, वय ७८. त्यांनी ढिगाऱ्यातून कागद उपसून काढले आणि किल्ल्याच्या आवारात लाकडी खोपट उभारून त्यात ते ठेवले. लिस्बनच्या पुनर्रचनेसाठी ते आजही आठवले जातात, पण माझ्या मते हे खोपटही त्याच तोलाचे. १७५७मध्ये दफ्तर साँव बेंतोच्या मठात गेले. पुढे त्याच मठात पोर्तुगालची संसद भरू लागली, तरी दफ्तर १९९०पर्यंत तिथून हलले नाही. आता विद्यापीठ परिसरातल्या काँक्रीटच्या भक्कम इमारतीत त्याच्या फडताळांची लांबी शंभर किलोमीटरच्या घरात जाते.

पोर्तुगालच्या राजपदाला मान्यता देणारे ११७९चे पोपचे फर्मान इथे आहे. न गवसलेले जगही स्पेनबरोबर वाटून घेणारा १४९४चा तोर्देसियासचा तह आहे, ब्राझीलचा किनारा दिसल्यावर १५००मध्ये काफिल्यातल्या लेखनिकाने राजाला धाडलेले पत्र आहे. आपल्या वाचकाने मात्र आल्बुकर्कची पत्रे आधी पाहावीत. गोवा घेणारा हा माणूस राजाकडे तक्रारी करताना शब्द राखून ठेवत नाही.

गोव्यातही १५९५मध्ये असेच दफ्तर सुरू झाले आणि ते दियोगु दो कोउतु या इतिहासकाराकडे सोपवले गेले. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ उभा केला तो प्रामुख्याने याच गोव्याच्या दफ्तराच्या आधारावर. शिवाजी महाराजांची बारदेशावरची स्वारी, संभाजी महाराजांची गोव्यावरची मोहीम, वसईचा पाडाव, हे सारे त्यात शत्रूच्या कचेरीतून दिसते.

१९९०च्या दशकात तोर्रे दो तोंबोत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांचे दफ्तर दाखल झाले. हे पोलीस १९६१पर्यंत गोव्यातही होते. ज्यांच्यावर त्यांची पाळत होती, त्यांना आता तिथे अर्ज करून स्वतःची फाईल वाचता येते.